कऱ्हाडची पोरं गेली कुठं? विद्यापीठ नव्या प्लॅटफॉर्मवर नेण्याची गोष्ट

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण सुरुवात एका किंचाळणाऱ्या फोननं होणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बीटेक संपवून नोकरीला लागलो होतो. आमच्या टीमकडे एक काम आलं. एका शिक्षणसंस्थेचा जुना ऑनलाइन प्लॅटफॉर्म बंद करायचा आणि सगळे कोर्स, सगळी मुलं, सगळे मार्क नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचे. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. आमची होती.

शनिवारी रात्री जुनं बंद केलं, रविवारी नवं चालू केलं. सोमवारी सकाळी नऊला फोन. पलीकडं ऑफिसातल्या एक ज्येष्ठ मॅडम. त्यांचं वाक्य अजून कानात आहे. "सर, ती कऱ्हाडची पोरं गेली कुठं? माझ्या रजिस्टरात तर हायत."

मी म्हटलं, मॅडम, बघतो. बघितलं तर खरंच. कऱ्हाड केंद्राची मुलं लॉगिन करत होती, पण समोर कोरं पान. एकही कोर्स नाही. नव्या सिस्टमच्या मते ती मुलं कुठल्याच केंद्राची नव्हती. आणि त्याच आठवड्यात त्यांना असाइनमेंट भरायची होती.

असं का झालं ते शेवटी सांगतो. पण त्या फोननंतर एक प्रश्न डोक्यात बसला. विद्यापीठ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणं ही काही आपल्या पिढीची नवी गोष्ट नाही. आपल्या कोल्हापूरनं हे आधी केलंय, एकदा नाही, बऱ्याचदा. मग त्या लोकांनी मागं राहणाऱ्या पोरांचं काय केलं? आजचा भाग त्यावर आहे.

पहिलं स्थलांतर: मुंबई, पुणे, मग सागरमाळ

१८८० मध्ये कोल्हापुरात राजाराम कॉलेज सुरू झालं. संस्थानचं कॉलेज, पण डिग्री कुणाची? मुंबई विद्यापीठाची. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे शिकवणार कोल्हापुरात आणि शिक्का मुंबईचा. आजच्या भाषेत बोलायचं तर क्लायंट इथं, सर्व्हर तिथं.

गोपाळ कृष्ण गोखले याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. पण पदवीपर्यंत ते इथं राहिले नाहीत. पुढं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. आणि लक्षात घ्या, तेव्हा कोल्हापूरला रेल्वे नव्हती. मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली ती १८९१ मध्ये. गरीब घरच्या मुलाला मुंबईला शिकायला जायचं म्हणजे प्रवासाचा खर्च, राहण्याचा खर्च आणि घरच्यांचा जीव टांगणीला.

आता दुसरा विद्यार्थी. यशवंतराव चव्हाण. जन्म १९१३, गाव देवराष्ट्रे, शाळा कऱ्हाडची. हो, तेच कऱ्हाड. कॉलेज मात्र कोल्हापूरचं राजाराम आणि १९३८ ची बीए पदवी मुंबई विद्यापीठाची. म्हणजे गोखल्यांनंतर अर्धं शतक गेलं तरी शिक्का मुंबईचाच होता.

मग १९४९ साल आलं. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुणे विद्यापीठाकडे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले १२ जिल्हे होते. आपली कॉलेजं मुंबईकडून पुण्याकडे गेली. अंतर कमी झालं, पण तरी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर.

आणि मग १८ नोव्हेंबर १९६२. शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन आले होते. तारीख नीट बघा. चीनबरोबर युद्ध चालू होतं. यशवंतराव तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, आणि तीनच दिवसांनी त्यांनी दिल्लीत संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. अशा आठवड्यात इथं सागरमाळावर विद्यापीठ उभं राहत होतं. पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार. सुरुवातीला ३४ कॉलेजं आणि साधारण १४ हजार विद्यार्थी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा एवढा पसारा.

आता मी इंजिनिअर आहे, त्यामुळं मला हे वाचताना मायग्रेशनच दिसतं. ३४ कॉलेजं एका विद्यापीठातून काढून दुसऱ्याला जोडायची. अभ्यासक्रम, परीक्षा, नोंदणी, सगळं कागदावर. कुणी पहिल्या वर्षाला, कुणी शेवटच्या वर्षाला, कुणाचे दोन विषय राहिलेले. एका सिस्टमवरून दुसऱ्या सिस्टमवर जाताना सगळ्यात अवघड असतो तो हा मधला विद्यार्थी. नवा आलेला सोपा, बाहेर पडलेला सोपा. मधल्याचं काय करायचं, हा प्रश्न १९६२ मध्येही होता आणि आम्ही शनिवारी रात्री स्क्रिप्ट चालवली तेव्हाही होता.

शाहू महाराजांनी काय ओळखलं होतं

थोडं मागं जाऊ या, कारण या सगळ्याच्या आधी कोल्हापुरात एका माणसानं खरी मेख ओळखली होती.

शाळा उघडली म्हणजे मूल शाळेत येतं का? नाही येत. शाळा आहे शहरात, मूल आहे खेड्यात. शहरात आलं तर राहणार कुठं? जेवणार काय? जातीमुळं कुणी दारात उभं करत नसेल तर? शाहू महाराजांनी याचं उत्तर शोधलं ते वसतिगृहांमध्ये. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. मग एकामागून एक वेगवेगळ्या समाजांसाठी बोर्डिंग. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. आजही दसरा चौकाच्या आसपास फिरलात तर या इमारती दिसतात. आपण रोज गाडीवरून जातो, बघत नाही.

१९१७ मध्ये त्यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया, हं.

मला यात एक क्रम दिसतो. सक्तीच्या हुकमाच्या सोळा वर्षं आधी बोर्डिंग आहे. आधी पोहोचायची सोय, मग सक्ती. आपण हल्ली हा क्रम हमखास उलटा करतो. आधी परिपत्रक येतं, उद्यापासून सगळं ऑनलाइन. मग कुणाकडं मोबाइल आहे, कुणाकडं नाही याची यादी करायला घेतात.

हे वाक्य मनात ठेवा: प्लॅटफॉर्म ही शाळा आहे, बोर्डिंग नाही. पुढचा सगळा इतिहास याच चष्म्यातून बघू.

दुसरं स्थलांतर: विद्यापीठ घरी आलं

१५ ऑगस्ट १९८४. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. उपग्रहावरून कॉलेजचे धडे, थेट टीव्हीवर. घरी विचारा, आईबाबांना नक्की आठवेल. कल्पना भन्नाट होती. पण एक तर टीव्ही असायला हवा, त्या वेळी वीज असायला हवी, आणि भाषा बहुतेक इंग्रजी. शंका आली तर विचारायचं कुणाला? टीव्ही उलट बोलत नाही.

पुढं २० सप्टेंबर २००४ ला इस्रोनं 'एज्युसॅट' सोडला, खास शिक्षणासाठीचा आपला पहिला उपग्रह. यात मात्र प्रश्न विचारायची सोय होती. कॉलेजात डिश, समोर पडदा, मुलांना बोलता यायचं. २०१० मध्ये तो निवृत्त झाला. त्याच सुमाराला घरोघरी इंटरनेट येऊ लागलं होतं.

पण या दोन्हींच्या मधे, १९८९ मध्ये महाराष्ट्रात एक गोष्ट घडली, आणि मला ती उपग्रहापेक्षा मोठी वाटते. १ जुलै १९८९ ला नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. ज्या कऱ्हाडच्या मुलाला कोल्हापुरात राहून मुंबईची पदवी घ्यावी लागली, त्याच्या नावानं असं विद्यापीठ की जे तुमच्या तालुक्यात येतं. ब्रीदवाक्य, ज्ञानगंगा घरोघरी.

पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. हे आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, नंतर दिल्लीत इग्नूचेही झाले. ताकवले सरांच्या टीमनं काय केलं? पुस्तकं मराठीत, आणि अशी लिहिली की एकट्या माणसाला घरी वाचून कळावीत. बारावी झाली नसेल तरी पूर्वतयारीचा कोर्स करून पदवीला बसायची वाट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गावोगावच्या कॉलेजांमध्ये अभ्यासकेंद्रं. रविवारी जा, सरांना भेटा, शंका विचारा, अर्जातली चूक दुरुस्त करून घ्या. गिरणीत, शेतात, दुकानात काम करणारी माणसं, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका यांच्यासाठी ते केंद्र म्हणजेच विद्यापीठ होतं.

कळलं ना? अभ्यासकेंद्र म्हणजे नव्या जमान्याचं बोर्डिंग. तिथं जेवण नव्हतं, पण तिथं माणूस होता.

आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांची ऑनलाइन शिक्षणाशी पहिली ओळख मात्र वेगळ्याच ठिकाणी झाली. एमएस-सीआयटी! एमकेसीएल ही कंपनी २००१ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी हा कोर्स आला. सरकारी नोकरीला लागतो म्हणून गावातल्या गल्लीत, किराणा दुकानाच्या वरच्या माळ्यावर सेंटर निघालं. त्यात 'ईरा' नावाचं सॉफ्टवेअर असायचं. धडा वाचा, क्लिक करा, टेस्ट द्या, मार्क लगेच. आपल्याला तेव्हा कुठं ठाऊक की याला लर्निंग मॅनेजमेंट सिस्टम म्हणतात. आणि तिथंही यंत्राच्या शेजारी कोण होतं? सेंटरवरचे सर. "अरे, डबल क्लिक कर की" म्हणणारे.

हा प्लॅटफॉर्म असतो तरी काय

आता जरा जगात फिरून येऊ. पाच मिनिटं टेक्निकल, पण सोपं सांगतो.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात एक मुलगा वाढला. मार्टिन डुगियामास. जवळचं शहर हजार किलोमीटरवर. शाळा कुठली? रेडिओवर. ऑस्ट्रेलियात 'स्कूल ऑफ द एअर' म्हणून प्रकार होता, शॉर्टवेव्ह रेडिओवरून बाई शिकवायच्या. हा मुलगा पुढं पर्थच्या कर्टिन विद्यापीठात कामाला लागला. तिथं 'वेबसीटी' नावाचा विकत घेतलेला प्लॅटफॉर्म सांभाळायचं काम त्याच्याकडं होतं. त्यातल्या अडचणींना वैतागून त्यानं स्वतःचा बनवायला घेतला आणि ऑगस्ट २००२ मध्ये पहिली आवृत्ती जगाला फुकट दिली. तेच 'मूडल'. आज जगभरची विद्यापीठं ते वापरतात, आणि ते मराठीतही उपलब्ध आहे.

आणि वेबसीटीचं काय झालं? २००६ मध्ये 'ब्लॅकबोर्ड' या स्पर्धक कंपनीनं ती कंपनीच विकत घेतली. ज्या विद्यापीठांनी सगळं वेबसीटीवर बांधलं होतं, त्यांना आज ना उद्या घर बदलावंच लागणार होतं. घरमालक बदलला की भाडेकरूनं काय करायचं? ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनं २००५ मध्येच मूडल निवडलं होतं. म्हणजे घर स्वतःचं, डागडुजीही स्वतःच करायची.

आता हा प्लॅटफॉर्म हलवायचा म्हणजे नेमकं काय हलवायचं? चार गोष्टी समजा.

एक, माणसं. विद्यार्थी, शिक्षक, ऑफिसातले लोक, प्रत्येकाची ओळख.

दोन, सामान. नोट्स, व्हिडिओ, प्रश्नपेढ्या.

तीन, नाती. कोण कुठल्या कोर्सला, कुठल्या केंद्राला, कुठल्या वर्षाला.

चार, आठवण. कुणी काय सबमिट केलं, किती मार्क पडले, केव्हा लॉगिन केलं, चर्चेत काय विचारलं.

सामान हलवणं सगळ्यात सोपं. फाइल उचलायची, ठेवायची. आपल्याकडं त्यातही एक गंमत. जुन्या मराठी नोट्स उघडल्या की बऱ्याचदा अगम्य चिन्हं दिसतात. कारण त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. श्रीलिपी, आकृती, डीव्हीबी योगेश. फाँट असेल तर मराठी, नसेल तर चिन्हांचा चिवडा. दहा-पंधरा वर्षांच्या नोट्स, आणि नव्या सर्व्हरवर त्यातलं एक अक्षर शोधता येत नाही.

माणसं हलवणं मध्यम अवघड. पण नाती आणि आठवण हलवताना खरी कसोटी. आणि नेमक्या याच दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाच्या. नोट्स परत मिळतील हो, झेरॉक्सवाल्याकडं पण असतात. मी वेळेत असाइनमेंट भरली होती, हे परत कोण देणार?

मुंबई, २०१७: घाईची किंमत

आता जरा दुखरी गोष्ट.

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठानं ठरवलं, यंदापासून पेपर कागदावर तपासायचे नाहीत. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे वाहायला नकोत, बेरजेच्या चुका नकोत. पण केव्हा? ऐन परीक्षेच्या हंगामात. एकदम सगळ्या शाखांना. १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका.

स्कॅनिंग रखडलं. प्राध्यापकांना पद्धतीची सवय नव्हती. उत्तरपत्रिका आणि विद्यार्थी यांची गाठ पडेना. म्हणजे मगाशी सांगितलेली तिसरी गोष्ट, नाती, तीच तुटली. जुलैच्या सुरुवातीला राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी, ते कुलपती होते, ३१ जुलैपर्यंत सगळे निकाल लावा असं सांगितलं. पेपर तपासायला वेळ मिळावा म्हणून कॉलेजांतले तास बंद ठेवावे लागले. तरी तारीख उलटली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. पुढच्या शिक्षणाचे प्रवेश, परदेशातल्या जागा, नोकरीच्या ऑफर, सगळं त्या निकालावर अडकलेलं. आणि २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

आमच्या धंद्यात याला एक नियम लावतात. नवी सिस्टम चालू केली तरी जुनी काही दिवस शेजारी चालू ठेवायची. आधी एक छोटी शाखा न्यायची, चुका बघायच्या, मग दुसरी. परतीची वाट ठेवल्याशिवाय पूल जाळायचा नाही. मुंबईत एका शाखेवर आधी करून बघितलं असतं तर बहुतेक चुका काहीशे उत्तरपत्रिकांतच कळल्या असत्या. मी हे शहाणपणानं नाही सांगत. आम्हीही शनिवारी जुनं बंद करून रविवारी नवं चालू केलंच होतं की.

२०२०: सगळेच एका रात्रीत

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि निवड करायला वेळच उरला नाही. ज्या सरांनी कधी ईमेल केला नव्हता ते झूमवर आले. वर्ग व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेले. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही यावर राज्य सरकार आणि अनुदान आयोग यांच्यात वाद झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला की परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही. मग महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घेतल्या, बऱ्याचशा ऑनलाइन.

आपल्या भागात याचा अर्थ काय होता, ते तुम्हाला सांगायला नको. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड, राधानगरीचा वरचा भाग. पाऊस लागला की रेंज गेली. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीनं रेंजसाठी डोंगरावर खोप बांधून अभ्यास केल्याची बातमी तेव्हा देशभर गाजली. सगळे म्हणाले, काय जिद्द! जिद्द होतीच. पण मला त्या खोपीत शाहू महाराजांचं बोर्डिंग दिसतं. फरक एवढाच की ते सरकारनं बांधलं नव्हतं, घरच्यांना बांधावं लागलं.

आणि आपण कोल्हापूरकर एक गोष्ट विसरू शकत नाही. पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. वीज नाही, टॉवर बंद, गाव पाण्यानं वेढलेलं. अशा आठवड्यात पोर्टलवर रात्री बारापर्यंत असाइनमेंट भरा असं लिहिलेलं असेल, तर ते पोर्टल कितीही भारी असो, ते शिरोळच्या मुलासाठी बनवलेलं नाही.

आता काय चाललंय

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. आत्ता, तुम्ही हे ऐकताय तेव्हा, पुन्हा एक स्थलांतर चालू आहे.

शिक्षण मंत्रालयाची 'समर्थ' ही प्रणाली दिल्ली विद्यापीठात विकसित झाली. प्रवेशापासून परीक्षेपर्यंत सगळं एका जागी. राज्यातली विद्यापीठं गेल्या काही वर्षांत तिच्याकडं वळली आहेत. २०१७ पासून 'स्वयम' आहे, तिथल्या कोर्सचे क्रेडिट डिग्रीत धरता येतात. २०२१ पासून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, म्हणजे तुमचे क्रेडिट बँकेसारखे तुमच्या खात्यात. कॉलेज बदला, विद्यापीठ बदला, जमा झालेलं तुमच्याबरोबर. गोखल्यांना हे मिळालं असतं तर!

पण परत तेच. यात सगळं काही ओळख जुळण्यावर आहे. बारावीच्या मार्कलिस्टवर वडिलांचं नाव मधे, आधारवर शेवटी. लग्नानंतर आडनाव बदललं, पीआरएन जुन्या नावावर. एका जागी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए, दुसऱ्या जागी दोन. माणसाला हे बघून लगेच कळतं की ही एकच व्यक्ती आहे. कॉम्प्युटरला ती दोन माणसं दिसतात.

म्हणून तुमच्यासाठी चार कामं, आज रात्रीच करून टाका. पहिलं, तुमच्या सध्याच्या पोर्टलवरून मार्क, पावत्या, सबमिशनच्या पोचा डाउनलोड करून ठेवा. पोर्टल कायम राहील असं धरून चालू नका. दुसरं, आधार, मार्कलिस्ट आणि क्रेडिट बँकेतलं नाव एकसारखं आहे का बघा. नसेल तर शेवटच्या वर्षाची वाट बघू नका, आत्ताच अर्ज करा. तिसरं, बदल होणार असं कळलं की कॉलेजात विचारा, जुनं पोर्टल किती दिवस चालू ठेवणार? आणि चौथं, अडलं तर भेटायचं कुणाला? टोल फ्री नंबर नको, माणसाचं नाव आणि टेबल विचारा.

आणि ती कऱ्हाडची पोरं?

हां, ते राहिलंच.

झालं होतं असं. कऱ्हाड या शब्दातला तो ऱ्ह बघा. तो अर्धा र, पापणीसारखा. मराठीचा खास. कॉम्प्युटरमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, युनिकोडमध्ये त्यासाठी वेगळा ठेवलेला र वापरून. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आतून मात्र वेगळे. जुन्या यादीत दुसऱ्या प्रकारचं कऱ्हाड होतं. आमच्या स्क्रिप्टनं डेटा स्वच्छ करताना ते अदृश्य चिन्ह कचरा समजून काढून टाकलं. नव्या केंद्रांच्या यादीत पहिल्या प्रकारचं कऱ्हाड होतं. दोन्ही जुळेनात. आणि काही अर्जांवर तर सरळ 'कराड' होतं, कारण लोक तसंही लिहितात. स्क्रिप्ट म्हणाली, असं केंद्रच नाही. आणि चूक न दाखवता गुपचूप पुढं गेली.

आम्ही चाचणी घेतली होती. पण ती पुणे, सांगली, सातारा या नावांवर घेतली होती. सोप्या नावांवर.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. कोड बदलायला अर्धा तास. बाकीचा वेळ गेला तो कुठला मुलगा खरंच कऱ्हाडचा हे शोधण्यात. आणि ते आम्हाला सापडलं मॅडमच्या हातानं लिहिलेल्या रजिस्टरात. त्यांनी एकेक नाव फोनवर वाचून दाखवलं, मी टिक करत गेलो. मधेच थांबून त्या म्हणायच्या, "ह्यो पोरगा ऊसतोडीला जातो बघा, त्याला दोन दिवस वाढवून द्या." मी म्हटलं, मॅडम, सिस्टममध्ये तशी सोय नाही. त्या म्हणाल्या, "मग करा की."

आम्ही ती सोय केली. एक छोटं बटण. केंद्रावरच्या माणसाला, कारण लिहून, मुदत वाढवता येईल. मूळ कामाच्या यादीत ते नव्हतं. माझ्या माहितीप्रमाणे त्या सगळ्या प्लॅटफॉर्ममध्ये केंद्रांवर सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं बटण तेच.

पुढं मॅडम निवृत्त झाल्या. ते रजिस्टर ऑफिसच्या कपाटात अजून आहे असं ऐकलं. स्कॅन करून ठेवा म्हणून मी सांगितलंय. कागद मात्र टाकू नका, असंही सांगितलंय.

तर मंडळी, तुमच्या कॉलेजचं पोर्टल बदलताना तुमचं काय हरवलं, आणि ते कुणी शोधून दिलं, ते आवाज रेकॉर्ड करून पाठवा. निवडक आवाज पुढच्या भागात ऐकवू. आणि दसरा चौकातून गेलात तर पाच मिनिटं गाडी थांबवा, एखाद्या जुन्या बोर्डिंगच्या दारावरची पाटी वाचा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.